दूध हाडे पोखरत नाही

दूध प्यायल्याने रक्तात आम्ल वाढते, ते आम्ल निवळण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते आणि हे कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते, असा दावा अलीकडे मराठी घरांत चांगलाच रुजला आहे. हाडे बळकट व्हावीत म्हणून पिढ्यान् पिढ्या जे मुलांना पाजले तेच हाडे पोखरते, असा त्याचा निष्कर्ष. कोल्हापुरात या दाव्याचे परिणाम जास्त दूरवर जातात. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', १९६३ मध्ये स्थापन झाला. वारणानगरचा दूध संघही याच जिल्ह्यातला. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घालणारी हजारो घरे इथे आहेत, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध ग्राहकापुढे काढून दिले जाते आणि तालमीतल्या पोराच्या खुराकात दूध पहिले येते. अशा ठिकाणी दुधाबद्दलचा खोटा धाक पसरला तर वाढत्या वयाच्या मुलींच्या आणि गरोदर बायांच्या वाट्याचा पेला सर्वांत आधी कमी होतो. म्हणून हा दावा मुळापासून तपासणे गरजेचे आहे. त्याच्या उलट टोकाला, दुधातल्या पेप्टाइडांनी, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांनी, हाडे पोलादी होतात असे सांगत पावडरीचे डबे विकणारा दावा उभा आहे. तोही या तपासणीतून सुटत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला टक्का रक्तात आणि पेशींत फिरतो, पण जगणे त्याच्यावर अवलंबून असते: हृदयाचा ठोका, स्नायूचे आखडणे, रक्ताचे गोठणे, सगळे त्याच्याच जोरावर चालते. त्यामुळे रक्तातले प्रमाण १०० मि.लि.मागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात राखले जाते. ते जरा उतरले की गळ्यातल्या परावटू ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. मूत्रपिंड कॅल्शियम अडवू लागते, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार होते, आतडे अन्नातून जास्त कॅल्शियम उचलते आणि तेवढ्याने भागले नाही तर अस्थिभंजक पेशी हाड विरघळवून रक्ताची तूट भरतात. अस्थिजनक पेशी मागाहून नवे हाड रचतात. ही मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते. प्रौढाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. हाडातले कॅल्शियम ओढले जाते ते बाहेरून पुरेसे आले नाही तेव्हा, हे या यंत्रणेतून उघड दिसते. दूध प्यायल्यावर काही तास परावटू संप्रेरक खाली येते आणि हाड विरघळल्याच्या रक्तातल्या खुणाही कमी होतात. म्हणजे दावा जे सांगतो त्याच्या नेमके उलटे घडते.

आम्लाची कल्पना मात्र कोणी हवेतून काढलेली नव्हती. १९६८ मध्ये वॉचमन आणि बर्नस्टाईन यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली: मांसाहारी, प्रथिनबहुल जेवणातून उरणारे आम्ल आयुष्यभर थोडे थोडे निवळताना हाडांचा क्षार खर्ची पडत असावा. त्या काळी हे अनुमान वाजवी होते. प्रथिने वाढवली की लघवीतले कॅल्शियम वाढते, हे निरीक्षणही खरे होते. चूक झाली ती ते कॅल्शियम हाडांतूनच आले असे गृहीत धरण्यात. पुढे कॅल्शियमची स्थिर समस्थानिके वापरून माणसांवर मोजमाप झाले तेव्हा वेगळेच चित्र दिसले. प्रथिने वाढवल्यावर आतड्यातून होणारे शोषण वाढते आणि लघवीतले जादा कॅल्शियम बहुतांशी या वाढीव आवकीतून येते; त्यातला हाडांचा वाटा वाढत नाही. फेंटन आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. आहारातल्या आम्लाने शरीराचा कॅल्शियमचा ताळेबंद बिघडतो किंवा हाडे झिजतात, याला त्यांना आधार सापडला नाही. रक्ताची आम्लता (पीएच) ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत ठेवण्याचे काम फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्तातले बायकार्बोनेट करतात, आणि निरोगी माणसात एखाद्या पेल्याने ती हलत नाही.

शिवाय दूध या अर्थाने आम्लधर्मी म्हणावे असे अन्नच नाही. कोणत्या अन्नाने मूत्रपिंडावर किती आम्ल पडते याचा हिशेब रेमर आणि मान्झ यांनी १९९५ मध्ये मांडला. त्यात १०० ग्रॅम मांसाचा सरासरी आकडा ९.५च्या आसपास आहे आणि दुधाचा ०.७, म्हणजे जवळपास शून्य. पेलाभर, म्हणजे २०० मि.लि. गायीच्या दुधाचा जमाखर्चही करून पाहता येतो. त्यात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले साधारण ३० टक्के, म्हणजे ७० मिलिग्रॅम अंगी लागते. त्याच पेल्यात साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांच्या दर ग्रॅममागे लघवीत एक मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जाते असा सर्वांत कडक हिशेब धरला तरी खर्च सहा-सात मिलिग्रॅमचा होतो. आवक सत्तर आणि जावक सात असताना तोट्याची भाषा करणे हा सरळ अंकगणिताशी केलेला द्रोह आहे. लघवीतून जाणाऱ्या कॅल्शियमची खरोखर काळजी असेल त्याने मिठाकडे पाहावे. सहा ग्रॅम मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. लोणचे, पापड आणि फरसाण यांच्यावर गप्प राहून दुधाच्या पेल्यावर तुटून पडणाऱ्यांनी हा आकडा कधी सांगितलेला दिसत नाही.

दाव्याचा दुसरा पाय म्हणजे देशादेशांची तुलना. जिथे दूध भरपूर पितात त्या स्कँडिनेव्हियात खुब्याची हाडे जास्त मोडतात आणि जिथे कमी पितात त्या आशिया-आफ्रिकेत कमी, असा तो युक्तिवाद. आकडे खरे आहेत, पण देश म्हणजे माणूस नव्हे. स्वीडनमध्ये माणसे जास्त वर्षे जगतात आणि खुबा मोडतो तो मुख्यतः म्हातारपणी. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने ऊन अपुरे असते आणि बर्फावरून घसरणे रोजचे. शरीराची उंची, खुब्याच्या हाडाची ठेवण आणि मोडलेल्या हाडांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत, यांतही फरक आहे. अशा तुलनेतून दूध हेच कारण म्हणून वेचून काढता येत नाही.

स्वीडनचाच २०१४चा अभ्यास जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो. मायकेलसन आणि सहकाऱ्यांनी ६१,४३३ स्त्रिया आणि ४५,३३९ पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. जास्त दूध पिणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी नव्हते, उलट जास्त होते, आणि मृत्यूही जास्त होते. दुधाचे विरोधक हा निष्कर्ष पुनःपुन्हा सांगतात आणि त्याच लेखातला पुढचा निष्कर्ष सोडून देतात: दही आणि चीज जास्त खाणाऱ्या स्त्रियांत मृत्यूही कमी आणि मोडलेली हाडेही कमी. दह्यात दुधातलीच प्रथिने असतात, तेच कॅल्शियम असते आणि वर लॅक्टिक आम्लाची भर पडते. दुधातल्या आम्लाने हाडे झिजत असती तर दह्याने ती आधी झिजायला हवी होती. संशोधकांनी संशय घेतला होता तो गॅलॅक्टोज या साखरेवर. आणि अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने अर्थ जपून लावावा, असे त्यांनी स्वतःच लिहिले. हाडे ठिसूळ आहेत हे कळल्यावर माणूस दूध वाढवतो, ही उलटी शक्यता अशा अभ्यासात पूर्ण वगळता येत नाही.

ती वगळायची तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धनिवासांत तसे करून झाले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७,२०० रहिवासी, सरासरी वय ८६. निम्म्या निवासांत दूध, दही आणि चीज वाढवून रोजचे कॅल्शियम ११०० मिलिग्रॅमच्या पुढे नेले, प्रथिनेही वाढवली; उरलेल्या निवासांत नेहमीचेच जेवण चालू ठेवले. दोन वर्षांत पहिल्या गटात एकूण अस्थिभंग ३३ टक्क्यांनी आणि खुब्याचे अस्थिभंग ४६ टक्क्यांनी कमी झाले. या रहिवाशांना ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत होते, ही बाब इथे महत्त्वाची आहे. दूध हाडे पोखरते म्हणणाऱ्यांकडे या प्रयोगाला उत्तर नाही.

आता पेप्टाइडांचा प्रश्न. दुधातल्या प्रथिनांपैकी गायीच्या दुधात सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली व्हे, म्हणजे निवळीतली प्रथिने. केसीनचे रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोलक बनवतात आणि दुधातले दोन तृतीयांश कॅल्शियम फॉस्फेटसह या गोलकांत बांधलेले असते. पाण्यात एरवी इतके कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र राहूच शकले नसते, तळाशी बसले असते. पचनात ट्रिप्सिन हे विकर केसीन तोडते तेव्हा काही तुकडे असे सुटतात की त्यांच्यावर फॉस्फेट लागलेल्या सेरीनची ओळ असते. हीच केसीन फॉस्फोपेप्टाइडे. आतड्याच्या खालच्या, अल्कधर्मी भागात कॅल्शियम फॉस्फेटाशी जुळून साका धरू पाहते. ही पेप्टाइडे त्याला धरून ठेवतात आणि विरघळलेले राखतात. त्यांचे पहिले निरीक्षण स्वीडिश संशोधक मेलँडर यांनी १९५० मध्ये मुडदूस झालेल्या बाळांवर नोंदवले होते. दूध प्यायलेल्या माणसाच्या लहान आतड्यात ही पेप्टाइडे प्रत्यक्ष सापडलीही आहेत.

इथवर सारे पक्के आहे. त्यापुढे माणसांवरचे प्रयोग एकमुखी बोलत नाहीत: काहींत शोषण थोडे वाढले, काहींत अजिबात नाही. डेन्मार्कमधला १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मराठी ताटाच्या दृष्टीने फार बोलका आहे. तांदळाच्या लापशीत ही पेप्टाइडे मिसळली तेव्हा कॅल्शियम आणि जस्त यांचे शोषण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. सालासकट धान्याच्या लापशीत मात्र काहीच फरक पडला नाही. कारण अख्ख्या धान्याच्या कोंड्यातले फायटेट. ते खनिजांना इतके घट्ट धरते की पेप्टाइडांची पकड अपुरी पडते. दूध-भात आणि दूध-भाकरी या दोन्ही जेवणांत कॅल्शियम दुधातूनच येत असले तरी त्यातले किती अंगी लागेल ते सोबतच्या धान्यावर ठरते. भाकरी सोडावी असा याचा अर्थ नाही. भाकरीच्या घासासोबत घेतलेल्या पेल्यापेक्षा जेवणापासून दूर, दुपारी किंवा रात्री झोपण्यापूर्वी घेतलेले दूध जास्त कामी येऊ शकते, एवढाच बोध त्यातून निघतो.

उरलेल्या पेप्टाइडांची आणि प्रथिनांची कथा यापेक्षा कच्ची आहे. लॅक्टोफेरिन हे दुधातले प्रथिन अस्थिजनक पेशी वाढवते आणि अस्थिभंजकांना आवरते, हे ऑकलंडच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवले, पण ते संवर्धित पेशींत आणि उंदरांच्या कवटीवर टोचून. तोंडावाटे घेतलेले बहुतेक प्रथिन प्रौढाच्या पोटात पचून जाते. दह्याच्या काही जिवाणूंनी केसीन तोडून तयार होणारी तीन-तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडेही पेशींवर परिणाम दाखवतात. तिथेही मुख्य पुरावा उंदीर आणि काचपात्रातला. जपानमध्ये दुधातल्या आम्लारिधर्मी प्रथिनांचा अंश रोज ४० मिलिग्रॅम देऊन सहा महिन्यांत हाताच्या हाडाची घनता वाढल्याचे आढळले, पण सहभागी स्त्रिया तीसेकच होत्या. एवढ्याशा पुराव्यावर हाडे मोडणे थांबेल असे वचन देणे म्हणजे आजारी आणि भित्र्या माणसांच्या खिशात हात घालणे आहे. दुधातून जे मिळते ते कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिने यांच्या एकत्र येण्याने मिळते. त्यातला एखादा तुकडा वेगळा काढून डब्यात भरला की सगळा गुण त्याच्यासोबत येतो, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

कॅल्शियमबद्दलही अतिरेक टाळलाच पाहिजे. पन्नाशीपुढच्या माणसांत कॅल्शियम वाढवल्याने अस्थिघनता वाढते, पण ती वाढ एक-दोन टक्क्यांच्या आत राहते आणि पहिल्या वर्षानंतर पुढे सरकत नाही, असे २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. दूधविरोधक हाही आकडा वापरतात. पण त्या अभ्यासांतली बहुतेक माणसे पाश्चात्त्य देशांतली होती आणि पूर्वीपासूनच बऱ्यापैकी कॅल्शियम खात होती. भारतात परिस्थिती वेगळी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १२००. भारतीयांच्या प्रत्यक्ष जेवणात सर्वसाधारणपणे याच्या निम्म्याच्या आसपासच मिळते. जिथे ताटच अर्धे रिकामे आहे तिथे भरलेल्या ताटावरचा निष्कर्ष लावणे बरोबर नाही. आणि हाडांची कमाल घनता पंचविशी-तिशीपर्यंतच जमते. पन्नाशीत किती वाढ झाली यावरून पंधराव्या वर्षीच्या पेल्याची किंमत ठरवता येत नाही.

त्याही आधीच्या काळाचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांतले खनिज मोजले गेले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरोदरपणी ज्या आयांच्या जेवणात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, पालेभाज्या यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडे जास्त भरलेली निघाली. हाही निरीक्षणात्मक अभ्यास, स्वीडनच्या अभ्यासासारखाच. पण तो शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या मराठी बायांचा आहे आणि कोल्हापूरच्या खेड्यांना स्टॉकहोमपेक्षा तो कितीतरी जवळचा आहे.

म्हणून कोल्हापुरात विचारण्यासारखा खरा प्रश्न दूध घातक आहे का हा नाही. धार काढणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातले किती येते, हा आहे. संस्थेत दुधाचा भाव फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांवर ठरतो. घरातला प्रत्येक लिटर म्हणजे पगारपत्रकावरचा आकडा असतो, आणि पहाटे वैरण टाकून, धार काढून किटली भरणारी बाई स्वतः अनेकदा कोऱ्या चहावर दिवस सुरू करते. तिला दूध पिऊ नको म्हणणारा सल्ला हा नुसता चुकीचा नाही, क्रूर आहे. इथे एक गोष्ट तिच्या उपयोगाची आहे: कॅल्शियम स्निग्धांशात नसते. ते केसीनच्या गोलकांत आणि पाण्यात असते. साय काढलेल्या दुधात, ताकात आणि दह्यात ते टिकते. लोण्यात नगण्य असते आणि तुपात नसतेच. लोणी काढून उरलेले ताक हा हाडांच्या दृष्टीने लोण्याहून मोलाचा भाग आहे.

दूध तापवल्याने कॅल्शियम मरते, म्हणून कच्चेच प्यावे, हा समजही सोडायला हवा. खनिज उकळीने नष्ट होत नाही, आणि पेप्टाइडे तर पोटातच सुटतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, आणि हा आजार अनेकदा कंबरेच्या सांध्यांवर आणि मणक्यांवर बसतो. हाडांसाठी म्हणून धारोष्ण दूध पिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

पहिलवानाची हाडे दुधाने झाली, असे तालमीत मानले जाते. मोतीबाग किंवा गंगावेश तालमीतला मल्ल दूध आणि थंडाई पितो हे खरे, पण त्याआधी तो जोर-बैठका मारतो आणि लाल मातीत दुसऱ्याचे वजन अंगावर झेलतो. हाडावर भार पडला की त्यातल्या पेशी तो ओळखतात आणि तिथे बांधणी वाढवतात. भार नाहीसा झाला की हाड विरते. अंतराळवीर महिन्याला खुब्यातले एक ते दीड टक्का खनिज गमावतात आणि कॅल्शियम खाऊनही ते थांबत नाही. दूध माल पुरवते, बांधकामाचा हुकूम भार देतो. माल आत घ्यायला मात्र ड जीवनसत्त्व लागते, आणि ते साध्या दुधात अत्यल्प असते. कोल्हापुरात ऊन भरपूर असले तरी पावसाळ्यातले ढग, अंग झाकणारे कपडे आणि सावलीतली कामे यांमुळे ते कमी पडू शकते. 'ड' मिसळलेले दूध पिशवीवरच्या '+एफ' या खुणेवरून ओळखता येते.

ज्यांना दूध पचत नाही किंवा प्यायचे नाही त्यांची हाडे ठिसूळच होणार, असे म्हणणेही खोटे. दुधातली साखर पचत नसेल तर दही बहुधा सोसते. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. त्यातला बराच भाग फायटेट अडवते, पण मोड आणून किंवा आंबवून ते कमी होते, आणि ताकातल्या आंबिलीत दोन्ही स्रोत एकत्र येतात. तीळ आणि शेवग्याचा पालाही कामाचा. पालकाचा मात्र भरवसा धरू नये. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधते आणि पाचेक टक्केच शोषले जाते.

मुतखड्याच्या भीतीने दूध बंद करण्याचा सल्ला याच ऑक्झलेटामुळे उलटा पडतो. अन्नातले कॅल्शियम ऑक्झलेटाला आतड्यातच पकडून बाहेर नेते. कॅल्शियम तोडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडा धरते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे प्रयोग झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीइतके कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या गटात, कॅल्शियम तोडलेल्या गटाच्या तुलनेत, खडे पुन्हा होण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांच्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले. ज्याला खड्याचा त्रास आहे त्याने गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि जेवणातले दूध-दही चालू ठेवून मीठ कमी करावे.